केवळ राइलीच्या संगणकावर असलेली फाइल

औलू शहरातल्या जलविद्युत कार्यालयात राइली होन्काव्हारा ही नदीवरच्या धरणाच्या दरवाजांसाठी प्रोग्राम लिहीत असे. तिचा दबदबा एका वाक्यावर उभा होता : सूचना नीट वाचल्या, तर हा प्रोग्राम कोणत्याही संगणकावर चालतो. शुक्रवारी ती निवृत्त होणार होती. त्याआधी तो नव्या संगणकावर कंपाइल करून, म्हणजे संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणून, द्यायचा, एवढेच काम उरले होते.

मंगळवारी ते अडले. पडद्यावर ओळ आली : हेडर फाइल सापडत नाही. प्रोग्रामच्या एका भागाने दुसऱ्याकडून कोणत्या मापाची माहिती घ्यायची, हे या फाइलींत लिहिलेले असते. एक जरी नसली, तरी काम पुढे सरकत नाही.

शेजारच्या टेबलावरचा यार्क्को कॉफी घेऊन आला. "सूचना वाचल्यास का गं?"

"मीच लिहिल्यात त्या."

"म्हणूनच विचारतोय. नेटवरून उचल फाइल, टाक आणि मोकळी हो. शुक्रवारी केक खायचाय."

तिने तसे केले. प्रोग्राम निमूट कंपाइल झाला; चाचणीत मात्र पाण्याची पातळी उणे चारशे मीटर निघाली. फाइल नव्या आवृत्तीची होती; प्रोग्राम ज्या तयार कोडच्या संग्रहावर चालायचा, ती लायब्ररी जुनी.

"नदीच निवृत्त झाली म्हणायची," यार्क्को म्हणाला.

राइलीने ती फाइल काढून टाकली आणि जुना संगणक आपली फाइल कुठून घेतो ते शोधले. जिथे हाताने काही ठेवू नये, अशा फोल्डरमध्ये ती होती. ठेवणाऱ्याचे नाव राइलीचे, साल २००९. एका दुपारी हीच अडचण टाळण्यासाठी तिने ती तिथे ठेवली होती. सर्वांच्या सामायिक साठ्यात टाकायची राहिली, ती राहिलीच.

२०१२ साली तिचा तेव्हाचा सहकारी वेइयो राउतियाइनेन तीन आठवडे याच ओळीशी झुंजला होता. राइलीने सर्वांदेखत त्याला सांगितले होते, "सूचना वाच." त्याने नंतर बदली मागून घेतली.

फाइल साठ्यात टाकायला दोन मिनिटे लागली. प्रत्येक बदलासोबत कारण नोंदवावे लागते. तिने लिहिले : राहिलेली फाइल जोडली. हे खोटे नव्हते. तरी तिने ते पुसले.

"कोण वाचतं त्या नोंदी?" यार्क्कोने विचारले.

"वेइयो. यादीतून त्याचं नाव कुणी काढलेलंच नाही. प्रत्येक नोंद त्याला मेलने जाते."

"मग तर नकोच लिहू. शेवटच्या आठवड्यात कशाला?"

स्वतःपुरती सोडवलेली अडचण दुसऱ्याच्या अपात्रतेचा पुरावा ठरते, आणि तो पुरावा तिने दहा-बारा वर्षे वापरला होता. तिने लिहिले : ही फाइल २००९ पासून फक्त माझ्या संगणकावर होती. २०१२ साली वेइयोचे काम बरोबर होते. सूचना अपुऱ्या होत्या. त्या मी लिहिल्या.

नव्या संगणकावर प्रोग्राम कंपाइल झाला. पातळी जुन्या संगणकाशी जुळली.

तासाभराने वेइयोचे उत्तर आले : "पोचलं. सूचनांतली चौथी पायरीही चुकलीय. तेव्हाच सांगणार होतो."

राइलीने चौथी पायरी वाचली. त्याचे म्हणणे खरे होते. तिने ती दुरुस्त केली आणि नोंदीत सुचवणाऱ्याचे नाव लिहिले.