मार्था सिस्टर आणि हजेरीच्या सह्या

डासांनी भरलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात उघडा हात घालून मार्था सिस्टर मांडवगणच्या शाळेत बसल्या होत्या, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. दौंडहून रोज जीपने येणाऱ्या त्या आमच्या आरोग्यसेविका. प्रयोगशाळेत जनुकं बदललेले नर डास गावात सोडायचे. त्यांच्यापासून झालेल्या माद्या जगत नाहीत आणि चावते ती मादीच, म्हणून डेंगी घटेल, असं त्या समजावत होत्या. पिंजऱ्यातले डास सगळे नरच होते.

"डास घालवायला डासच आनायचे व्हय?" म्हातारे आप्पा म्हणाले. "उद्या उंदरं आनाल!"

मी भाजीचा व्यापारी. डोक्यावर पाटी वाहून इथवर आलोय, फुकट दिलेल्या मालाचा मला आधी संशय येतो. ओरडलोच, "पुण्यात सोडा की आधी! आन् काय वंगाळ झालं, तर परत धरून नेनार का?"

"नाही धरता येणार," त्या शांतपणे म्हणाल्या. "वीस वर्षांनी काय होईल, तेही मला ठाऊक नाही. विचारून सांगते."

'ठाऊक नाही, विचारून सांगते' हे त्यांचं नेहमीचंच. आणि खरंच विचारून यायच्या, माझ्या गाळ्यावर उभ्या राहून उत्तर द्यायच्या. मी नवा मुद्दा काढायचो. एकदा चिडल्या. "दादा, माझी धाकटी बहीण डेंगीनं गेली. मला होकार पाहिजेच. पण तो तुम्ही दिलेला पाहिजे."

शेवटच्या सभेत गाव नाही म्हणालं. वरचे साहेब तिथंच सिस्टरांना म्हणाले, "हजेरीच्या सह्या आहेत ना? त्याच संमती म्हणून जोडा."

माझं डोकं फिरलं. रस्ता रुंद करताना माझा जुना गाळा अशाच हजेरीच्या सहीवर गेला होता. मी उठायच्या आत सिस्टरांनी सह्यांचा तो कागद पर्समध्ये घातला.

"साहेब, माणसं सभेला आली, एवढीच ही सही. गाव नाही म्हणालंय. मी तसंच लिहिणार."

तसंच लिहिलं. महिन्याभरात त्यांची लांब बदली झाली.

त्या निघाल्या तेव्हा मी म्हणालो, "आमच्यापायी तुमचं नुकसान झालं."

"डेंगी गावात राहिला, ते नुकसान," त्या म्हणाल्या. "पिंपं झाकत जा."

यंदा तेच डास सोडायला नवं पथक आलं. मी एकच अट घातली: मार्था सिस्टरांना परत आणा. त्यांनी विचारलं, तर पहिला होकार माझा. अधिकारी हसले, बदल्या अशा होत नसतात म्हणाले.

आता सिस्टरांच्या बदलीचा अर्ज घेऊन मी दर सोमवारी त्या अधिकाऱ्यांच्या कचेरीत जाऊन बसतो. मी भाव सोडत नाही, हे त्यांना अजून कळायचंय.