मोटारीसाठी छप्पर

स्वतःच्याच अर्जाला हरकत घेऊन ती मान्य करून घेणारा माणूस आमच्या वसईत एकच होऊन गेला, आणि तो माझा शेजारी होता. सारं गाव त्यांना काका म्हणे. केळीच्या वाडीचे मालक. बगलेत छत्री आणि खिशात मोजायची टेप घेऊन ते सकाळी रस्त्याला लागले, की आपली पायरी आत ओढता येईल का, असं प्रत्येकाला वाटू लागे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत नगरपालिकेत निवडून येऊन त्यांनी एकच नियम करून घेतला: रस्त्यालगत दहा फूट मोकळे सोडायचे, म्हणजे केळ्यांनी लादलेल्या बैलगाड्यांना वळता येतं. नियम चांगलाच होता. वाईट एवढंच की तो काकांच्या हाती होता. आमची पायरी त्यांनी वीतभर कापायला लावली आणि तेव्हापासून आमच्याकडे न अडखळता एकही पाहुणा आला नाही. एकटे काका तेवढे कधी अडखळत नसत. माप त्यांचंच होतं. समोरच्या पास्कूचा तर अख्खा ओटाच गेला.

अशा माणसाला गॅरेज बांधायची बुद्धी झाली ती मुलापायी. एकुलता एक मुलगा ठाण्याला डॉक्टर. त्याने जुनी मोटार घेतली आणि महिन्या-दोन महिन्यांनी भिवंडीवरून वळसा घालून तो येऊ लागला. तो येणार म्हटलं की काकू त्याची गादी उन्हात टाकत. पण तो जेवायचा, घटकाभर पडायचा आणि ऊन कललं की उठायचा. "रात्रभर मोटार उघड्यावर ठेवली तर हा खारा वारा पत्रा खाऊन टाकील, बाबा." काकू वाडीतली केळी वाळवून केलेल्या सुकेळ्यांची पुडी मोटारीत ठेवत आणि घरात येऊन गादी गुंडाळत. एकदा तो गेल्यावर काका मला म्हणाले, "वाऱ्याचंच अडतंय ना? मग छप्पर घालू. पोरगा एक रात्र तरी राहील." घरामागे विहीर आणि वाडी, तिकडे मोटार जायला वाट नाही. छप्पर पडणार ते पुढच्या दहा फुटांतच. म्हणजे काकांना काकांच्याच नियमातून सूट हवी होती.

"चार बांबू ठोका, वर माडाची झापं टाका, कोण विचारतंय?" असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. काकांनी रीतसर अर्ज केला. सभेत तो वाचला गेला आणि कोणी तोंड उघडायच्या आत हरकत घ्यायला काकाच उभे राहिले.

"अहो, अर्ज तुमचाच आहे!" अध्यक्ष कळवळून म्हणाले.

"म्हणून तर त्यातली लबाडी मला ठाऊक आहे," काका म्हणाले. "आज मला सूट द्याल, मग उद्या कोणत्या तोंडाने दुसऱ्याला नाही म्हणाल?"

अर्ज फेटाळला गेला. घरी येऊन काका जेवले नाहीत, आणि काकू कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

शेवटी ओटा गेलेला पास्कूच पुढे झाला. सगळ्या आळीला घेऊन तो नगरपालिकेत गेला. "काकांचा पोर घरी राह्यला पायजे," तो म्हणाला. "बैलगाड्या आमी आमच्या अंगनातून वळवू. आमाला कायच अडचन नाय." त्या दिवशी काकांना सभेबाहेर बसवून ठेवलं, तेव्हा कुठे मंजुरी झाली. पास्कू बाहेर आला तेव्हा काका बाकावरून उठले. ते नुसती टेप गुंडाळत राहिले.

गॅरेज झालं. मंगलोरी कौलं, सागवानी दार. मुलगा आला तेव्हा काकांनी "ये, ये, अजून ये" करत स्वतः मोटार आत घेतली आणि दार लावून घेतलं. काकूंनी गादीवर नवी चादर घातली. मुलगा जेवला, घटकाभर पडला, गॅरेज छान झालंय म्हणाला आणि ऊन कललं तसा उठला. या खेपेला त्याने कारण सांगितलं नाही, आणि काकांनी विचारलं नाही.

मला फार वाईट वाटलं. काकांना कसं तोंड दाखवावं या विचारात होतो, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तेच टेप घेऊन आमच्याकडे हजर.

"दार अरुंद झालं," ते म्हणाले. "मोटार काढताना घासेल म्हणून धास्ती वाटत असणार त्याला, म्हणून उजेडातच गेला बिचारा. दोन फूट वाढवायची परवानगी मागू. तुझी हरकत नाही ना?"

मी हरकत नाही म्हटलं. काका उठले, आणि उतरताना आमच्या त्या पायरीवर पहिल्यांदाच अडखळले. मी पुढे होऊन हात दिला. एरवी कोणाचा आधार न घेणाऱ्या काकांनी तो त्यांच्या दारापर्यंत धरून ठेवला.