छातीत दुखतंय म्हणून

सेकंड शिफ्टची बस यायची वेळ झाली होती. डबा भरून मी पायरीवर बसलो तो उठलोच नाही. बस चुकणार म्हणून थोरला भाऊ करवादला, तेव्हा मी म्हणालो, "दादा, मला दवाखान्यात ने. जीव द्यावासा वाटतोय."

आमचा दादा बोलभांड. पण त्यानं एक शब्द न बोलता मोटारसायकल काढली. मोशीच्या चौकात एक टेम्पो अंगावर आला, तरी त्यानं शिवी घातली नाही. तो घाबरलाय, हे मला तिथं कळलं.

शहरातल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत सिस्टरनं विचारलं, "काय होतंय?" मागं आमच्याच आळीतला दूधवाला हाताला फडकं गुंडाळून उभा होता. दादानं त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "छातीत दुखतंय याच्या."

छाती म्हटल्यावर सगळे धावले. मला आडवं केलं, शर्ट काढला, वायरी जोडल्या. मीही गप्प राहिलो. छातीत दुखणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही.

डॉक्टर पोरगी माझ्याहून लहान असेल. ईसीजीचा कागद पाहून म्हणाली, "नॉर्मल आहे. घरी जाऊ शकता."

दादाचा चेहरा खुलला. "म्या म्हणलंच व्हतं, काय न्हाई त्याला." कागद पाहून त्याला खरंच तसं वाटलं असावं. माझा शर्ट हातात घेऊन तो निघायच्या तयारीत उभा राहिला.

मला घरी जायची भीती वाटत होती. घरात वाईट कुणी नव्हतं. पण दादा कंपनीत आणि वहिनी शेतात गेली की मी एकटा उरायचो, आणि मला माझा भरवसा वाटत नव्हता.

"डॉक्टर, छातीत नाही दुखत," मी म्हणालो. "मला मरावंसं वाटतंय. आज घरी सोडू नका."

ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं पडदा ओढला आणि स्टूल घेऊन बसली. काही करून घेतलंय का, असे विचार कधीपासून येतात, सगळं साधेपणानं विचारलं, ताप कधीपासून आहे विचारावं तसं. "दिवाळीपासून," मी सांगितलं. "सांगितलंत ते बरं केलंत. आज इथंच राहा, मनाच्या डॉक्टरांना बोलावते," म्हणाली. मला इतकं हलकं वाटलं की भूक लागली.

ती गेल्यावर दादा खाटेच्या कडेला टेकला. "दिवाळीपासनं?" तो म्हणाला. "दिवाळीत तर आपण पोरांचा किल्ला केला. मग मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

दादानं प्रामाणिकपणे विचार केला. "लगीन लावून दिलं असतं तुझं."

मला हसू फुटलं. तोही हसला, आणि हसता हसताच माझा शर्ट तोंडावर धरून रडायला लागला. मी नसतो तर हा माणूस असाच रडत बसला असता, हे तोवर माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.