मुंगीचा भोवरा

माझ्या भाचीला घरात सगळे मुंगी म्हणतात. तिशी ओलांडली तरी मुंगीच. गणितात पीएच.डी. करते म्हटलं की लोक पुढे काही विचारत नाहीत. मी विचारलं, म्हणून मला कळलं. रक्तवाहिनीला दोन फाटे फुटतात तिथे रक्त कसं वाहतं, ते ती समीकरणं मांडून संगणकावर काढायची. वाहिनीचे बारीक चौकोन पाडायचे आणि एकेका चौकोनाचं गणित सोडवायचं. त्यात तिला एक भोवरा सापडला, आजवर कुणाला न दिसलेला. अख्खा प्रबंध त्या भोवऱ्यावर उभा.

मार्गदर्शक दोन: गणिताच्या मॅडम आणि हृदयाचे डॉक्टर. मॅडमना त्यात गणित कमी वाटायचं, डॉक्टरांना पेशंट दिसायचा नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तशी पोर दोन इमारतींमध्ये हेलपाटे घालत राहिली.

प्रबंध द्यायच्या वर्षी विभागात नवा, दणकट संगणक आला. मुंगीने हौसेने चौकोन आणखी बारीक केले. भोवरा लहान झाला. अजून बारीक केले, तर गायबच. रक्त आपलं सरळ वाहत होतं. भोवरा जाड्याभरड्या चौकोनांनी पाडला होता.

"चूक सापडली ते बरं झालं," मॅडम म्हणाल्या, "पण भोवरा नाही, एवढ्यावर पदवी कशी देणार?"

डॉक्टर म्हणाले, "मग मला काय उपयोग?" आणि आवाज उतरवून, "जुनंच दे की. कोण बघतंय?"

माझ्या बहिणीचंही तेच. "इतकी वर्षं घातलीस, एक भोवरा राहिला कागदावर तर काय बिघडलं?"

"आई, उद्या कुणी त्यावर विसंबून कापाकापी करेल."

"मोठी आली हरिश्चंद्राची नात. खा आता सत्य, भाजी नको करायला."

मुंगीने प्रबंध दिलाच नाही, पीएच.डी.तून नाव काढून घेतलं. पदवीच्या भरवशावर कॉलेजात नोकरी ठरत आली होती, तीही गेली.

मला गोड बोलून समजूत घालता येत नाही. मी सरळ विचारलं, "पहिल्याच वर्षी का नाही गं केलेस बारीक?"

"जमेल तेवढे केले होते, मावशी. तेव्हा भोवरा होता. त्याहून बारीक जुन्या मशीनला झेपलंच नसतं."

म्हणजे चूक कुणाचीच नाही. कुणाची असती तर निदान चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या. भरदुपारी ती भिंतीकडे तोंड करून पडली, आणि मी दार ओढून घेतलं.