कांबळे मॅडमचा आदेश

कांबळे मॅडम सुनावणीला बसण्याआधी पंखा बंद करायच्या. समोरच्या तक्रारदाराच्या गावात त्या वेळी वीज नसेल, तर आपल्यालाही वारा नाही, हा त्यांचा नियम. बारामतीच्या त्या खोलीत भर मे महिन्यात बडे साहेब घामाने निथळायचे. एकाने कुरकुर केली, तर मॅडमनी हातातली फाइल थेट त्याच्या छातीवर फेकली. "तुमाला तासभर सोसंना व्हय? तितं लोकं जन्मभर सोसत्यात!" राग आला की त्यांची भाषा इंदापूरला जाऊन पोचायची. मी त्यांचा टंकलेखक. मला त्यांचा धाक होता आणि अभिमानही.

वीज-नियामक कार्यालयात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. धाकटा भाऊ रात्रपाळीचं पाणी धरताना मोटारीचा शॉक लागून गेला होता. तेव्हापासून त्यांना एकच ध्यास: शेतीला सूर्याची वीज द्यायची आणि ती दिवसाच द्यायची. "दिसाची लाइट मेहेरबानी न्हाय, हक्क हाय," हे त्या मंत्र्यांनाही ऐकवायच्या. शेवटी तसा आदेश निघाला. सणसरच्या पुढच्या एका वस्तीवर सुरुवात ठरली.

त्या सकाळी लाइनमन दत्ताने वीज सोडली. आपल्याकडे विहिरीविहिरीवर मोटारीला ऑटो बसवलेला असतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू, माणूस घरी निवांत. त्या दिवशी सगळ्या मोटारी एकदमच उठल्या. एकदम भार पडून डीपीचा, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरचा, भडका उडाला, त्यातलं पेटतं तेल उसात पडलं आणि उभा फड धडधडून पेटला.

आम्ही जीपने नारळ फोडायला निघालो होतो. पोचलो तेव्हा दत्ताला खांबाला बांधून लोक लोखंडी पाइपने मारत होते. "ऑटो काढा म्हणलं हुतं की वो!" तो ओरडत होता. ऐकतो कोण! मॅडम धावत मध्ये घुसल्या. पुढचा पाइप त्यांच्या उजव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला जीपपर्यंत ऐकू आला. हो, मी जीपमागे उभा होतो. माझे पाय हललेच नाहीत.

"बाई, बाजूला व्हा! ह्यानं आमचा ऊस जाळला," एक म्हातारा किंचाळला.

"आबा, त्यानं न्हाय जाळला. ऑटो काढल्याबिगर लाइट सोडू नका, ही ओळ आदेशात लिवायची मीच इसरले. मारायचं तर मला मारा!"

हात थांबले. पण दत्ताही ओरडायचा थांबला होता. इंदापूरला दवाखान्यात नेताना वाटेतच तो गेला.

दहाव्यानंतर दत्ताची बायको कार्यालयात आली. चूक कुणाची, एवढंच तिने विचारलं. मॅडम म्हणाल्या, "माझी." तिने सगळ्यांसमोर फाडकन त्यांच्या मुस्काटात मारली. शिपाई धावला, तर मॅडम त्याच्यावरच खेकसल्या, "खबरदार! ती मला लागायचीच हुती."

हात गळ्यात बांधलेला असतानाच त्यांनी सुधारित आदेश सांगितला: प्रत्येक ऑटो काढल्याची खात्री झाल्याशिवाय वीज सोडू नये. खाली आणखी एक ओळ घातली. "हा नियम दत्ताच्या मृत्यूमुळे आणि माझ्या चुकीमुळे करावा लागला." वरून कागद परत आला: नियमात माणसांची नावं नसतात, ओळ गाळावी. मॅडमनी तो ओळीसकट परत पाठवला. असं तीनदा झालं. तोवर दुसऱ्या वस्तीवर वीज सोडायचा दिवस तोंडावर आला. तिथेही ऑटो होते आणि तिथेही एक लाइनमन होता.

चौथ्या वेळी मीच ती ओळ गाळली. मॅडमनी माझ्यावरच्या विश्वासाने, न वाचताच, डाव्या हाताने कशीबशी सही केली. आदेश लगेच निघाला. दुसऱ्या वस्तीवर सगळं सुरळीत झालं.

छापील प्रत त्यांनी दोनदा वाचली. मग राजीनामा लिहायला घेतला. मी टंकायला पुढे सरकलो, तर त्यांनी कागद ओढून घेतला आणि डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत तो स्वतः लिहिला. त्यात दत्ताचं पूर्ण नाव होतं आणि स्वतःची चूक होती. ओळ मी गाळली, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. जाताना माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.