बिनआडनावाचा नायक

रिमेकचा ट्रेलर आला त्या दुपारी मी कचेरीत डबा उघडून बसलो होतो. ट्रेलर बघून झाला आणि डबा होता तसा बंद केला. भाजी कसली होती तेही आठवत नाही, एवढं डोकं फिरलं होतं.

मी जन्माला यायच्या आसपास एक मराठी सिनेमा आला होता, चित्रकथेवरून काढलेला. त्या चित्रकथेचे पातळ अंक पुढे कितीतरी वर्षं माणगावच्या एसटी स्टँडवर दोरीला लटकलेले असायचे. नायक दिवसा खाडीवर होडी वल्हवायचा आणि अंधार पडला की तोंडाला गोणपाट गुंडाळून ठेकेदाराच्या गुंडांना बुकलून काढायचा. सिनेमा थेटरात साफ पडला. पण ज्यांच्या डोक्यात शिरला त्यांच्या डोक्यातून तो पुन्हा निघाला नाही. त्यातलाच मी एक. आता अलिबागला सरकारी नोकरी करतो, कानशिलं पांढरी झाली, तरी त्या गोणपाटवाल्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर माझं रक्त उकळतं. बायको म्हणते, एवढा जीव घरच्या गॅसच्या नंबराला लावलात तर सिलेंडर तरी वेळेवर येईल.

आणि ह्या हिंदी रिमेकवाल्यांनी काय करून ठेवलं होतं! गोणपाट गेलं, त्या जागी चकचकीत मुखवटा. होडीवाल्याच्या पोटाला पैलवानासारखे पीळ. जुनं शूटिंग दिवेआगरच्या किनाऱ्यावर झालं होतं. तिथल्या वाड्या वादळात आडव्या झाल्या म्हणून ह्यांनी कॉम्प्युटरवर माड उभे केले, सगळे एकाच उंचीचे, प्रार्थनेला उभे केलेल्या पोरांसारखे. इथपर्यंतही मी दात-ओठ खाऊन सोसलं. पण शेवटी ठेकेदार त्याला धरतो आणि विचारतो, "नाव सांग! आडनाव सांग!" त्यावर हा मुखवटा काढतो आणि छाती फुगवून सांगतो की मी अमुक घराण्याचा वारस, तमुकांचा नातू. मागून तुताऱ्या वाजतात. मी फोन टेबलावर आपटला.

कारण त्या प्रश्नाचं खरं उत्तर काय आहे, ते आमच्या वस्तीत शेंबडं पोरही सांगेल.

माणगावच्या बाहेर आमची वस्ती आहे, विहाराभोवती. दरवर्षी जयंतीची मिरवणूक आटोपली की विहाराच्या अंगणात पांढरी चादर ताणतात आणि सिनेमा लावतात. मी लहान असताना एका वर्षी कमिटीनं हाच सिनेमा भाड्यानं आणला, सीडीवर. सिनेमा रंगात आला आणि नेमका त्या आडनावाच्या जागी अडकला. चित्राचे चौकोन-चौकोन झाले, आवाज गेला, नायक नुसता आ वासून उभा. अंगणात बोंबाबोंब. तेव्हा बायकांच्या पुढच्या रांगेतून माझी आत्या उठली आणि खणखणीत आवाजात त्याचं उत्तर देऊन टाकलं: "आडनाव कशाला इचारतोस रे? सोयरीक करायची हाय?"

अंगण हसून हसून लोळलं. चित्र पुढे सरकलं, मारामारी झाली, ठेकेदार खाडीत पडला. आत्या तरुणपणी मुंबईला राहिलेली, तिनं तिथे थेटरात पाहिला असेल, तिला पाठ असेल, असंच सगळ्यांनी धरून चाललं. दुसऱ्या दिवशी दुकानदारानं ती खरवडलेली सीडी परत घ्यायला साफ नकार दिला, भर बाजारात कमिटीला शिव्या घातल्या, आणि ती सीडी वस्तीच्या गळ्यात पडली. मग काय, घरचीच झाली म्हटल्यावर दरवर्षी तीच. पुढे कुणीतरी तिच्यावरून पेन ड्राइव्हवर कॉपी काढली, तीही त्या खोटीसकट. सिनेमा त्या जागी अडकायचा आणि अख्खी वस्ती, म्हातारे, पोरं, माहेरवाशिणी, सगळे मिळून ओरडायचे, "सोयरीक करायची हाय?"

हे वाक्य मी नुसतं ओरडलो नाही, त्याच्यावर जगलो. अलिबागला नोकरी लागली तेव्हा भाड्याची खोली शोधत हिंडत होतो. घर दाखवायच्या आधी मालक विचारणार, "आडनाव काय?" सांगितलं की गावावरून पडलेलं आमचं आडनाव तो जिभेवर घोळवणार आणि पुन्हा विचारणार, "म्हणजे नक्की कोणते तुम्ही?" हसत विचारायचे, चहा देऊन विचारायचे. एकदा एकाला मी म्हणालो, "काका, खोली भाड्यानं देताय की सोयरीक करताय?" खोली गेली ती गेलीच. पण त्याचा जिना मी शीळ घालत उतरलो, आणि ती शीळ त्या गोणपाटवाल्यानं मला दिली होती.

तर अशा माणसाला हे लोक घराण्याचा वारस करणार! त्या सिनेमाच्या चाहत्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, रिमेकची बातमी आली तेव्हाच मी त्यात शिरलो होतो. सगळेच तिथे शंका काढत बसलेले. मुखवटा बरा नाही, हिंदीत कशाला, जुनी गाणी ठेवतील का. मी म्हटलं, मुखवटा घाला चुलीत, मुद्द्याचं बोला. आणि लांबलचक लिहिलं. ह्या माणसाला आडनाव नाही हाच त्याचा सगळा दम आहे, जुन्या सिनेमात तो ठेकेदाराला सोयरीक करायची का म्हणून विचारतो, त्या एका वाक्यासाठी आम्ही सिनेमा डोक्यावर घेतला, तुम्ही त्याच वाक्यावर बोळा फिरवला, शरम वाटू द्या.

थोड्या वेळानं एकानं विचारलं, "दादा, हे कुठल्या सिनेमात?"

मग हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. एक जण म्हणाला, घरी बनवलेला दिसतोय. मी चिडून लिहिलं की तुम्ही चाहते असण्याच्या लायकीचे नाही. त्यावर एका गृहस्थानं शांतपणे एक तुकडा टाकला. जुन्याच सिनेमाचा, पण स्वच्छ, चकचकीत. रिमेकची हवा करायला कंपनीनं जुना सिनेमा साफसूफ करून इंटरनेटवर सोडला होता, त्यातला. ठेकेदार विचारतो, आडनाव सांग. गोणपाटवाला गोणपाट सोडतो, डोळ्यांत पाणी आणतो, आणि सांगतो. आडनाव. बापाचं नाव. आज्याचं नाव. मोठं घर, ज्याची गादी ठेकेदारानं बळकावलेली असते.

म्हणजे रिमेकवाल्यांनी शेवटात काहीच बदललं नव्हतं. मी तो तुकडा पुन्हा पुन्हा लावला. कानाला लावून ऐकला. चीड कुणावर काढायची तेच कळेना. कंपनीवर काढावी तर ती खरी निघाली. ग्रुपवरच्या लोकांवर काढावी तर तेही खरे. एवढी वर्षं ज्याच्या जोरावर मी जिने उतरलो तो माणूस आधीपासूनच मोठ्या घरचा होता आणि मला पत्ता नव्हता. लाज वाटली, भयंकर लाज वाटली. ग्रुपमधून मुकाट्यानं बाहेर पडलो.

हे कमी होतं म्हणून की काय, त्याच आठवड्यात पुतण्याचा फोन आला. चुलतभावाचा मुलगा, पनवेलकडे कंपनीत आहे, हल्ली जयंतीच्या कमिटीचं सगळं तोच बघतो.

"काका, जॅकपॉट! आपल्या पिक्चरची एकदम कडक प्रिंट भेटली. आवाज पण फुल क्लियर. या वेळी मोठा स्क्रीन लावतोय, दोन्ही बाजूला स्पीकर."

"शेवट बघितलास का?" मी विचारलं.

"बघितला ना. आजीचा डायलॉग नाहीये त्यात. पण चालतंय ना काका, ओरिजिनल ते ओरिजिनल."

"अरे गाढवा, आत्या पुढच्या रांगेत बसलेली असणार! अख्ख्या वस्तीसमोर स्पीकरवरून ते आडनाव दणाणणार. तिचं तोंड कसं होईल?"

"मग काय, खराब प्रिंटच बघत राहायचं का?" तो म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. मुंबईला पाहिलेला सिनेमा बिचारीच्या डोक्यात भलताच राहिला, चुकीचं बोलली, आम्ही ते खरं धरून बसलो; आता म्हातारपणी तिचं हसं होणार. निदान मिरवणुकीआधी कुणीतरी तिला सांगायला हवं होतं. ते कुणीतरी म्हणजे मीच, दुसरं कोण!

रविवारी एसटीनं निघालो. कोलाडपासून पुढे हायवेचं काम अजून चालूच आहे, माझ्या नोकरीच्या आधीपासून चालू आहे, माझ्या निवृत्तीपर्यंत चालेल. हाडं खिळखिळी करून वस्तीत पोचलो तर पुतण्या लॅपटॉप घेऊन आधीच आत्याच्या ओटीवर हजर. तिला स्वच्छ प्रिंट दाखवून खूश करायचं त्याच्या मनात होतं. मी डोळे वटारले तसा त्यानं लॅपटॉप मिटला.

आत्या वाल सोलत बसली होती. मोड आलेले वाल पाण्यात, सालं एका बाजूला. मला बघून म्हणाली, "आलास? या उन्हाचा कशाला मरायला आलास? पानी पी."

पाणी प्यालो. शेजारी बसलो. चार वाल सोललेही. मग म्हटलं, "आत्या, जयंतीचा तो सिनेमा आहे ना. त्यात तो तसं बोलत नाही गं."

"कसं?"

"सोयरीकबियरीक. तो आडनाव सांगतो. मोठ्या घराचं निघतो तो."

तिनं हातातला वाल सोलून पाण्यात टाकला. "व्हय. बापाचंबी सांगतो. आज्याचंबी सांगतो. आनी रडतो वर."

"तुला कसं माहीत?"

"त्या टायमाला जयंतीचा पिक्चर आधी कोन बघायचं?"

मला तेव्हा कुठे आठवलं. एका वर्षी कुणीतरी भलताच सिनेमा आणला होता, भंतेजी समोर बसलेले असताना नको ते गाणं लागलं, आणि महिला मंडळानं कमिटीला फैलावर घेतलं. तेव्हापासून नियम पडला होता की सिनेमा आदल्या दिवशी दुपारी आत्यानं दार लावून बघायचा. तिनं मान हलवली तरच चादर ताणायची. आमचं सेन्सॉर बोर्ड ते.

"बघितला मी," आत्या म्हणाली. "लय चांगला व्हता. त्या गोनपाटवाल्यावर तर माझा जीव जडला. आनी शेवटाला यिऊन मेल्यानं माती खाल्ली. मला असा राग आला! भांडी घासत व्हते, काथ्या हातातच व्हता. घासली ती सीडी."

"घासलीस?"

"आधी न्हाय गेलं ते. लावून बघितलं, तरी बोलतोच हाय. पुन्ना घासली, कडेनं. आवाज गेला तवा थांबले."

"आत्या! कमिटीनं त्या सीडीपायी भर बाजारात शिव्या खाल्ल्या!"

"खाल्ल्या तर खाल्ल्या. मेले काय त्येंच्यातले कोन?"

पुतण्या तोंडावर हात ठेवून हसत होता. मला हसू येईना. मी खरोखर भडकलो होतो. "आणि इतकी वर्षं बोलली नाहीस? चार लोकांत मी भांडलो त्या वाक्यासाठी. घाण शोभा झाली माझी. आम्हाला निदान खरं काय ते तरी सांगायचंस."

आत्यानं पहिल्यांदा हातातलं काम थांबवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"खरं सांगू? पिक्चर येनार म्हनून तुम्ही पोरं कधीपासनं तोंडाला टावेल बांधून हिंडत व्हता. कोन कौलावर, कोन पिंपावर. तू तर चुलीपुढचं गोनपाट पळवलंस माझं, पाठीत धपाटा खाल्लास तरी सोडलं न्हाय. आनी उद्या ह्या पोरांना मी काय दाखवू? का हा मोठ्या घरचा हाय म्हनून येवढा शूर हाय? मग तुम्ही काय करायचं? टावेल सोडून घरात बसायचं?"

माझे डोळे भरून आले, ते तिला दिसू नयेत म्हणून मी खाली बघून वाल सोलायला लागलो. दोन-तीन तर चिरडलेच. आत्यानं ते माझ्या हातातून काढून घेतले.

पुतण्याचं हसणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. त्यानं लॅपटॉप पुन्हा उघडला होता. शेवटापर्यंत सिनेमा सरकवत नेला, ठेकेदार दात ओठ खात उभा असलेल्या जागी थांबवला आणि पडदा आत्याकडे फिरवला.

"आजी," तो म्हणाला, "आवाज कुठपर्यंत बंद करू?"

आत्यानं ओले हात पदराला पुसले, पुढे वाकली, आणि त्या गोणपाटवाल्याकडे डोळे बारीक करून बघितलं.

"त्याचं तोंड मिटंपर्यंत."