छेरछेऱ्याला मागितलेली पोट्टी

रायपूर राजधानी झालं आणि आमच्या सरकारी शाळेला साहेब दिसू लागले. आधी वर्षानुवर्षं कुणी फिरकत नसे. आता मात्र लाल दिव्याची गाडी कधी दाराशी थांबेल याचा नेम नव्हता. साहेब हजेरीपट बघत, "राजधानी का स्कूल है, मैडम," असं दरडावत आणि चहा पिऊन निघून जात. गळकं छप्पर बहुधा राजधानीच्या हद्दीबाहेर असावं, कारण वर कुणी बघत नसे.

मी पाचवीला शिकवत होते. बूढ़ापाऱ्यातल्या तळ्यामागच्या वस्तीतली पोरं. कुणी धाकटं भावंड कडेवर घेऊन येई, कुणी भूक लागली की भूगोल अर्धा टाकून घरी चालू पडे. त्यांना शिकवणं पुढची गोष्ट, आधी बसवून ठेवणं हीच कसरत. त्यात माझं हिंदी. मी माहेरची विदर्भातली, सासर ब्राह्मणपाऱ्यात पिढ्यान् पिढ्या रुजलेलं मराठी घर. अर्ध्या वाक्यात माझं हिंदी मराठीवर घसरे आणि वर्ग फिदीफिदी हसे.

एक पोट्टी तर कमरेवर हात ठेवून माझी हुबेहूब नक्कल करायची, "ये क्या करके राहिले तुम लोग?" मी डोळे वटारायचे आणि फळ्याकडे वळून हसून घ्यायचे. वर्गातली सगळ्यात हुशार तीच. पाचवीच्या बोर्डाच्या परीक्षेत ही शाळेचं नाव काढणार, असं मी हेडमास्तरांना छातीठोकपणे सांगून बसले होते.

ऐन थंडीत ती यायची बंद झाली. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. "काम पे जाती है, किसी बड़े घर में," पोरं म्हणाली. दोनदा निरोप धाडला, उत्तर नाही. मी रोज मधल्या सुट्टीत तिच्या आईबापाचा आणि त्या बड्या घराचा उद्धार करत असे. दहा वर्षांच्या पोरीकडून भांडी घासून घेणारी ही माणसं आहेत तरी कोण, असं मी तावातावानं विचारायचे.

मग पौषातली पुनव आली, म्हणजे छेरछेरा. नवं धान घरात आलेलं असतं. पोरं झोळ्या घेऊन दारोदार "छेरछेरा!" ओरडत धान मागतात. त्या दिवशी मागण्यात लाज नाही, मालगुजार जमीनदाराचं पोरही मागतं, आणि नाही म्हणणं तर पापच. अर्धा वर्ग गायब होता, उरलेला चुळबुळत होता. माझ्या डोक्यात किडा वळवळला. रजिस्टरात 'स्थानिक संस्कृतीचा अभ्यास' असं झोकात लिहिलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि वीस पोरं घेऊन निघाले. मागायचं एकाच दारी, तिच्या आईबापाच्या, आणि मागायची ती पोट्टी.

"छेरछेरा! दिल्याशिवाय हलणार नाही!" असा गिल्ला वस्तीत झाला. झोपडीतून तिची आई बाहेर आली. उजवा हात प्लास्टरमध्ये. मला बघून तिनं डाव्या हातानं डोक्यावर पदर घेतला.

"बहूजी, आप?"

ती आमची भांडीवाली बाई होती.

मी सातला शाळेत जायचे, ती आठला आमच्याकडे यायची. रविवारी तिला सुट्टी. तिची माझी ओळख दिवाळीच्या साडीपुरती. तिला मुलं किती, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"हाथ टूट गे, बहूजी," ती म्हणाली. "बदली नइ भेजतेंव त घर छूट जातिस. टुरी तुंहरेच घर म हे." बदली म्हणून पोरगी धाडली नसती तर तिचं काम सुटलं असतं; तीन आठवडे ती पोरगी माझ्याच घरी भांडी घासत होती.

पोरांना काय, त्यांना मजाच वाटली. वरात ब्राह्मणपाऱ्याकडे वळली. मी मान खाली घालून मागे चालत होते, मघाचा तोरा पार उतरला होता.

सासूबाई सुपात धान घेऊन दारात आल्या आणि मला बघून थबकल्या. "अवं, हे काय करून राहिली तू? झोळी घेऊन?"

"धान नको. पोट्टी पाहिजे," मी म्हणाले. मागून वीस गळे ओरडले, "छेरछेरा!"

सासूबाई कडक होत्या, पण छेरछेऱ्याला त्यांनी कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. "घेऊन जा," त्या म्हणाल्या. "बाईचं घर सुटत नाही, पगारही देईन. पण तिचा हात बरा होईपर्यंत भांडी तूच घासशीन, सकाळी शाळेत जायच्या आधी." पोरांना मराठी कळत नव्हतं म्हणतात, पण सगळी खो खो हसली.

पोट्टी मोरीतून हात पुसत बाहेर आली. वाटेत तिनं मला हळूच चिडवलं, "मैडम, आप रोज करेला थाली में छोड़ देते हो."

"अगं, मग मला सांगितलं काहून नाही? माझ्याच घरी भांडी घासतेस म्हणून?"

तिनं माझ्याकडे नवलानं बघितलं. नक्कल नाही, चेष्टा नाही.

"मुझे तो लगा, आपको मालूम है."